न चाखलेली आमटी

"मनुष्यजातीच्या सगळ्या दुःखांचं मूळ एकच आहे," पहिला घास हातात उंच धरून मी जाहीर केलं. "माणूस अन्न गिळतो, जेवत नाही. ज्या दिवशी तो एकेक घास बत्तीस वेळा चावायला शिकेल, त्या दिवशी भांडणं मिटतील, कोर्टं ओस पडतील, आणि..."

"आधी कवळी घाला," शरयू म्हणाली. "बेसिनवर राहिलीय. मघाशी मी तिच्यावर साबण ठेवत होते."

जगाचं कल्याण जरा पुढे ढकलून मी कवळी घालून आलो.

ही निफाडची गोष्ट. बरीच वर्षं झाली. त्या वर्षी कार्तिकातच थंडी अशी उतरली होती, की खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला तेल मिळत नव्हतं. पहाटे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटायच्या आणि त्यांचा धूर दिवसभर गावावर बसून राहायचा. शरयूनं घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि फटींमध्ये जुन्या लुगड्यांच्या चिंध्या कोंबल्या होत्या. घर डब्यासारखं बंद. आत काय शिजतंय ते आतच राहायचं.

भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो होतो. आयुष्यभर लोकांचे बांध मोजले, पण स्वतःच्या पोटाचा घेर वाढत गेला तो मोजायचा राहून गेला. शेवटी तो डॉक्टर गायधनींनी मोजला. हा मुलगा माझ्या मुलाच्या वर्गातला. त्यामुळे मला रागावताना तो आधी "काका" म्हणायचा.

"काका, साखर वाढलीय. गोळी देतो, पण त्याआधी एक आठवडा मी सांगतो तसं जेवा. टीव्ही नाही, पेपर नाही, बोलायचं नाही. लक्ष फक्त घासाकडे, आणि तो बत्तीस वेळा चावायचा. आणि चांगलं-वाईट ठरवायचं नाही. नावं ठेवायची नाहीत. जे जाणवेल ते नुसतं जाणवू द्यायचं."

"आणि मीठ कमी असलं तर?"

"तर मीठ कमी आहे हे जाणवू द्यायचं, काका."

त्याच आठवड्याच्या शेवटी आमच्याकडे तुळशीचं लग्न होतं. तुषार, म्हणजे आमचा मुलगा, आणि सूनबाई अमृता पुण्याहून जेवायला येणार होते. नुसते जेवायला नव्हे. फोनवर तुषारनं साफ सांगितलं होतं. "बाबा, या वेळी बोलूनच टाकू. तुम्ही दोघं इकडे या. घर बंद करा."

शरयूनं फोन माझ्या हातातून घेतला. "हे बघ, माझं स्वयंपाकघर नीट चालतंय तोवर मी इथून हलणार नाही. ज्या दिवशी माझ्या हातचं बिघडेल, त्या दिवशी ये आणि भांडी खोक्यात भर. मी एक शब्द बोलणार नाही."

"ठरलं?"

"ठरलं."

ही अट घालताना तिचा आवाज जरा चढा लागला होता. मला तो अभिमान वाटला.

अभिमान वाटण्यासारखं होतंही. आमच्या घरात देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाकातलं काही जिभेवर ठेवायचं नाही, हा माझ्या आईच्या वेळेपासूनचा नियम. आई अंदाजानं मीठ घालायची आणि मग दिवसभर देवाची माफी मागायची. शरयूला माफी मागावी लागली नाही. आमटीला उकळी आली की ती पातेल्यावर वाकायची, एक श्वास घ्यायची, आणि एक तर चिमूटभर मीठ टाकायची किंवा सरळ झाकण ठेवायची. तूप कढवताना पाठ करून भाजी चिरत असायची, आणि नेमक्या क्षणी हात मागे नेऊन गॅस बंद करायची. हे सगळं वासावर. माझी आई सून म्हणून तिच्यात शेवटपर्यंत खोट काढत राहिली, पण मिठाचा विषय तिनं कधी काढला नाही.

तर त्या सोमवारी मी कवळीसह पुन्हा पानावर बसलो. आमटी-भाताचा घास घेतला. चावला. चावत राहिलो. आणि मला जाणवलं की फोडणी करपली आहे.

मी चकित झालो. चाळीस वर्षं या बाईच्या हातचं जेवतोय आणि फोडणी करपते हे मला आज कळतंय! केवढी ही सजगतेची ताकद! मी डोळे मिटून करपलेली मोहरी एकाग्रपणे चावली. बोलायचं तर नव्हतंच.

"कसं झालंय?" शरयूनं विचारलं.

मी तोंडाकडे बोट दाखवून, डॉक्टरांची आज्ञा, अशी खूण केली. पण घास तोंडातच थांबला. कारण चाळीस वर्षांत तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वरणात हिंग इतका होता, की जेवणानंतर मी बराच वेळ आरशात जीभ बघत बसलो. मग मीठ. एका भाजीत अजिबात नाही, तर कढीत दोघांच्या वाट्याचं. मी चावत होतो. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. पूर्वी मी जेवताना ती धुण्याच्या घड्या करायची, शेजारच्या बोरस्ते काकूंशी खिडकीतून बोलायची. आता खिडकी बंद होती आणि ती नुसती बघत होती. गळ्याखाली घास उतरला की तिचीही मान हळूच खाली व्हायची. माझं झालं की ती स्वतः जेवायला बसायची. पहिल्या घासाला थबकायची. मग मान खाली घालून, भराभरा, एक शब्द न बोलता सगळं संपवायची.

बुधवारी पानात तूप वाढलं ते काळपट होतं. मी तो भात मागच्या दारी बोरस्त्यांच्या मांजरीपुढे ठेवला. ही मांजर मी पूर्वी चपलेला मेण लावलं तेही चाटताना पाहिली होती. तिनं वास घेतला, मान वर केली, माझ्याकडे जरा दुःखानं पाहिलं आणि ती निघून गेली.

मी परत पानावर येऊन बसलो. आता माझ्या मनात जे आलं ते लिहायला संकोच वाटतो, पण आलं खरं. निवृत्त नवऱ्याला हळूहळू संपवावं असं वाटायला बायकोला कारणांची वाण नसते. एकट्या माझ्याकडूनच तिला भरपूर मिळाली होती.

गुरुवारी दुपारी मी वामकुक्षीतून उठलो, तर शरयू खुंटीपाशी उभी. माझा सदरा तिनं दोन्ही हातांनी तोंडावर धरला होता. डोळे मिटलेले. हलत नव्हती. मी दारातच थांबलो. तिनं सदरा खाली घेतला, उलटा केला, काखेची बाजू धरून पुन्हा तोंडाशी नेला.

"काय शोधतेस?"

ती दचकली. सदरा पाठीमागे गेला.

"स्टँडवर जाऊन भजी खाल्लीत का?"

"छे."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि सदरा खुंटीला अडकवून आत गेली.

मी जाऊन तो सदरा हुंगला. कारण मी खाल्ली होती. एक प्लेट, वर तळलेल्या मिरच्या, आणि तेलाचे हात त्याच सदऱ्याला पुसले होते. चाळीस वर्षांत माझं एकही खोटं या बाईपुढे उंबरा ओलांडून आत आलं नव्हतं. आज ते सरळ चालत आत गेलं आणि तिनं त्याला बसायला पाट दिला. तिला कळलं नाही, हे शक्य नव्हतं. कळूनही ती गप्प बसली, याचा अर्थ आता माझ्या भज्यांनी तिला काही फरक पडत नव्हता. बांध उकरणाऱ्या माणसाला शेजारी शिव्या देत असतो तोवर काळजी नसते. तो शांतपणे नमस्कार करायला लागला की मोजणीदारानं टेप गुंडाळून निघावं.

शुक्रवारी भिंतीपलीकडून बोरस्ते काकूंचा आवाज आला.

"ओ वहिनी! काय जाळलंत हो? इकडं डोळे चुरचुरायला लागले!"

मी ओसरीवर होतो. मलाही मघापासून वास येत होता, पण मी तो बागांतल्या धुरावर ढकलला होता. आत डोकावलो. शरयू शेगडीसमोरच उभी होती, हातात पळी. तिच्या नाकाखाली पातेलं, पातेल्यात दूध, आणि दुधाच्या कडेनं वर येणारा तपकिरी धूर. ती भिंतीकडे बघत होती. काकूंची हाक ऐकून तिनं खाली पाहिलं.

"बासुंदी आटवतेय!" ती ओरडली. "जरा लागलं खालून!"

"अगो बाई, जरा? मला वाटलं टायर पेटलं!"

आणि मग, एकदा बासुंदी म्हटल्यामुळे, तिनं त्याच दुधाची बासुंदी केली. साखर घालून. वेलदोडे घालून. ती जळकी बासुंदी तिनं वाटीत भरून माझ्यापुढे ठेवली. मधुमेहाच्या माणसापुढे.

बासुंदी बत्तीस वेळा कशी चावायची हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मी वाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"नको असेल तर राहू द्या," ती म्हणाली. "पण काहीतरी बोला हो. पाच दिवस नुसतं चावताय. एकदा तरी म्हणा, वाईट झालंय म्हणून."

मी मौन मोडणार होतो. पण डॉक्टरांनी नावं ठेवायची नाहीत असं बजावलं होतं, आणि सरकारी नोकरीत आज्ञेच्या आड लपायची सवय लागलेली असते. मी मान डोलावली. चमचाभर खाल्ली. ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

शनिवारी संध्याकाळी मी तुळशीच्या मांडवासाठी ऊस आणायला बाजारात गेलो. दुसऱ्या दिवशी मुलगा-सून येणार होते. मनाशी ठरवून टाकलं होतं की तुषारला सांगायचं. तुझी आई बिघडली आहे. काय बिघडलंय ते मला माहीत नाही, पण तिला घेऊन जा, आणि जमलं तर मलाही ने. खांद्यावर पाच ऊस घेऊन मी परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. धुकं जमिनीला टेकलं होतं. घराच्या काचा बंद, दार आतून लावलेलं.

मी पायरी चढलो, बेलकडे हात नेला, आणि दाराच्या फटीतून तो वास आला.

गॅस.

थोडाथोडका नव्हे. नाकात घुसून डोळ्यांत येणारा.

माझं बोट बेलच्या बटणावर टेकलं होतं. दाबायचं बाकी होतं. ते बोट मी कसं मागे घेतलं मला आठवत नाही. बटण दाबलं की ठिणगी पडते, एवढं विज्ञान मला माहीत होतं.

बाजूच्या खिडकीच्या काचेतून आतली खोली अंधुक दिसत होती. दिवा लावलेला नव्हता. शरयूची पद्धत ती. आधी देवापुढे समई, मग घरातला दिवा. ती देव्हाऱ्यासमोर पाटावर बसलेली होती. पदर डोक्यावरून घेतलेला. समईत तेल घालून झालं होतं. वात सारखी करून झाली होती. तिच्या हातात काडेपेटी होती.

"शरयू!"

ती हलली नाही. देवापुढे बसल्यावर ती कुणाच्या हाकेला ओ देत नाही. हाही आईच्याच वेळेपासूनचा नियम.

तिनं काडी ओढली. थंडीनं पेटी सर्दावली होती. गूल तसाच घासला गेला, पेटला नाही. तिनं ती काडी बाजूला ठेवली, दुसरी काढली, आणि ती कोरडी करायला केसांवर दोनदा फिरवली.

मी खांद्यावरचा ऊस काढला आणि दोन्ही हातांनी काचेत घुसवला.

काच फुटली. ऊस आत जाऊन देव्हाऱ्याच्या आणि तिच्या मधोमध आडवा थांबला. शरयू किंचाळून मागे सरली.

"अहो! डोकं फिरलंय का तुमचं? काच फोडलीत! उद्या पोरं यायचीत, आणि..."

"काडी खाली ठेव."

"काय?"

"शरयू, काडी खाली ठेव. दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस. ऊठ आणि कडी काढ. गॅस सुटलाय."

ती उठली नाही. काडी तिच्या बोटांत तशीच होती. तिनं मान वर केली, नाक वर केलं, आणि दीर्घ श्वास घेतला. मग आणखी एक. गॅसनं भरलेल्या त्या खोलीत ती दिवाळीचं उटणं हुंगावं तशी श्वास घेत बसली होती, आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"येतोय?" तिनं मला विचारलं. अगदी हळू. "वास येतोय तुम्हाला?"

मला तेव्हा सगळं कळलं. मोहरी, हिंग, तूप, मांजर, भजी. सगळं एकदम.

तिनं कडी काढली. मी पदराला धरून तिला बाहेर ओढलं, नाक दाबून आत गेलो. शेगडीवर दूध उतू जाऊन खालची आंच विझली होती आणि बटण तसंच वळलेलं होतं. ते बंद केलं, सिलिंडर बंद केला, चिंध्या उपटून फेकल्या, दारं-खिडक्या सताड उघडल्या. निफाडची थंडी घरात शिरली. इतक्या आनंदानं मी तिचं स्वागत पूर्वी कधी केलं नव्हतं.

मग आम्ही ओसरीच्या पायरीवर एका गोधडीत बसलो. काडी अजून तिच्या हातात होती. मी ती काढून घेतली आणि अंगणात टाकली.

"कधीपासून?"

"गणपतीत ताप आला होता ना. ताप उतरला, वास आलाच नाही. मला वाटलं येईल. रोज सकाळी हिंगाची डबी उघडून बघते. परवा तुमचा सदरा बघितला. म्हटलं निदान हा तरी येईल. इतकी वर्षं येत होता. तोही नाही आला."

"मी भजी खाल्ली होती," मी म्हणालो.

"हो?" ती एकदम हसली आणि त्याच हसण्यात रडायला लागली. "मेलं, तेसुद्धा कळलं नाही मला."

"मला सांगायचं ना."

"कधी सांगू? तुमचं मौन होतं."

"त्याआधी? दोन महिने?"

"त्याआधी तुम्ही पेपर वाचत जेवायचात. तेव्हा काय, माती वाढली असती तरी चाललं असतं. मी निश्चिंत होते. या आठवड्यात तुम्ही चावायला लागलात आणि माझी झोप उडाली. घास तोंडात घोळवता आणि बोलत काहीच नाही. मी रोज तुमच्या तोंडाकडे बघत बसायचे. म्हटलं, चेहरा वाकडा झाला की कळेल, किती चुकलं ते. तर तुमचा चेहरा असा, जसं काही मी तुम्हाला विषच घातलंय."

मी गोधडी तिच्या खांद्यावर सारखी केली.

"चाखून का नाही बघितलंस?" मी म्हणालो. "अशा वेळी देव काय रागावतोय?"

"देवाचं नाही हो," ती म्हणाली. "चाखलं असतं, म्हणजे मला वासावर कळत नाही हे कबूल केलं असतं. मग तुषारला दिलेला शब्द पाळावा लागला असता. माझ्या हातचं बिघडलं तर भांडी भर म्हणाले होते ना." तिनं फुटक्या खिडकीकडे पाहिलं. "आता भरू देत. आज तुम्ही अजून एक ऊस निवडत बसला असतात, तर भरायलाही काही राहिलं नसतं."

पलीकडून बोरस्ते काकू विचारत होत्या, काय फुटलं हो. "ऊस!" मी ओरडलो. त्यांना ते पटलं.

"उद्या सांगायचं का तुषारला?" शरयूनं विचारलं.

"सांगायचं. आज जे झालं ते लपवण्यासारखं नाही."

"सांगा. पण जेवण झाल्यावर. आधी सांगितलंत तर तो प्रत्येक घासात माझा आजार शोधेल. एकदा नीट जेवू दे त्याला. मग काय ठरवायचं ते ठरवू."

"आणि जेवण नीट होणार कसं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बांधावर पहिला दगड कुठे रोवायचा हे ठरवताना लोक बघतात तसं.

घराला रात्रभर वारा लागला. फुटक्या खिडकीला मी पुठ्ठा लावला होता, तो सारखा पडत होता. सकाळी उठलो तर दोघांची हाडं गारठलेली. गॅस मी पेटवायचा आणि मीच बंद करायचा, असं ठरलं होतं. मी तो पेटवला. बर्नर नीट निळा जळेपर्यंत समोरून हललो नाही. शरयूनं डाळ घोटली, चिंच-गूळ घातला, मोहरी तडतडल्याचा आवाज ऐकून फोडणी दिली. मीठ अंदाजानं घातलं. माझ्या आईसारखं.

नऊच्या सुमाराला तुषारचा फोन आला की सिन्नर ओलांडलं.

आमटीला उकळी फुटली. देव्हाऱ्यात नैवेद्याचं ताट मांडलेलं होतं. अजून त्यावर काही वाढलं नव्हतं.

"या," शरयू म्हणाली. "वाका. जवळ नाही, वीतभर वर. चाखायचं नाही. जीभ आत ठेवा. नुसता श्वास घ्यायचा. हळू. मिठाचा वास म्हणून वेगळा येत नाही. सगळं मिळून येतं, आणि कमी असलं तर मागे एक पोकळी राहते. ती पोकळी शोधायची."

मी सोवळं नेसलो होतो. पदवीदान समारंभाला पुढे जावं तसा मी पातेल्यापाशी गेलो. वाफ चेहऱ्यावर आली. मला खरंच काहीतरी येत होतं. चिंच होती, गूळ होता, मिरचीची फोडणी होती. आणि त्या सगळ्यांच्या मागे, खूप मागे, एखादी पोकळी असावी तसं काहीतरी होतं, किंवा नव्हतं. मी डोळे मिटले. चाळीस वर्षं ही बाई रोज या वाफेत उभी राहून काय ऐकत होती, त्याचं टोक आता माझ्या हाताला लागणार, असं वाटलं. मी आणखी वाकलो.

"थांबा," शरयूनं माझा खांदा धरून मला मागे ओढलं. "आधी नाक शिंकरून या. आमटीत पडेल."